हेग्रा: कबर, थडगं, समाधी की लेणं?

प्रश्न असा: सौदी अरेबियात अल-उलाजवळ हेग्रा (मदाइन सालिह) इथे नबातियन या प्राचीन अरब लोकांनी खडकात कोरलेली दफनस्थळं आहेत. त्यांना मराठीत नेमकं काय म्हणावं?

'समाधी' नको. तो शब्द आपण संतांसाठी, थोरांसाठी राखला आहे. इथे मात्र घराण्याची खासगी मालमत्ता आहे. 'थडगं' म्हटलं की पुरलेल्या जागेवरचं बांधकाम डोळ्यांपुढे येतं. हेग्रात तर डोंगराचं तोंड तासून वरून खाली दर्शनी भाग कोरत आणला आहे.

त्या लोकांचा स्वतःचा शब्द दारावरच्या लेखांत सापडतो: 'कपरा'. (आपल्या 'कपारी'शी त्याचं फक्त ध्वनिसाम्य. हे लेख अरामी या पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषेत आहेत.) इ.स.पूर्व १ च्या सुमाराचा, नबातियन राजा हारिततच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षातला एक लेख पाहा. हा कपरा कमकम आणि तिची मुलगी कुलैबत यांनी स्वतःसाठी व वंशजांसाठी केला. कमकमची ओळखही आईकडून दिली आहे: वाइलतची मुलगी, वाइलत हरामूची मुलगी. जो तो विकेल, विकत घेईल, गहाण ठेवेल किंवा त्यात परक्याला पुरेल त्याला दुशरा, अल्लात आणि मनातू या देवदेवतांचा शाप, शिवाय त्याने पुरोहिताला १००० सेला (नाणी) दंड द्यायचा. मृत्युलेखापेक्षा हा मालकीचा दस्तऐवजच वाटतो!

याच लेखात 'पुरणे' या अर्थी क-ब-र या धातूचं रूप आहे. अरबीतून आपल्याकडे आलेल्या 'कबर'चा धातू तोच. पुढे इ.स. २६७ मध्ये हेग्रातच काबूने आपली आई रकूश हिच्यासाठी लिहवलेल्या लेखात 'कब्रू' हे नामच येतं. त्या लेखाची भाषा अरामीकडून अरबीकडे इतकी झुकली आहे की अरबीच्या सर्वांत जुन्या दिनांकित लेखांत त्याची गणना होते. म्हणजे 'कबर' हा शब्द त्या मातीतलाच. 'त्याला इस्लामी छटा आहे, इस्लामपूर्व वास्तूला चालणार नाही' हा आक्षेप मला मान्य नाही.

'लेणं' कोरण्याच्या पद्धतीला चपखल बसतं. पण हा शब्द 'लयन' म्हणजे आसरा, निवास यावरून आलेला. नाशिकला उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखात 'इदं लेणं कारितं' आहे, ते भिक्षूंनी राहावं म्हणून. नुसतं 'लेणं' लिहिलं तर वाचकाला विहार किंवा चैत्य आठवेल.

म्हणून मी 'कोरीव कबर' लिहीन. मृतदेह ठेवायच्या अनेक खोबण्या असलेल्या, घराण्याच्या जागेला 'दफनलेणं' म्हणायलाही माझी हरकत नाही.