लोअरिंग स्प्रिंग बसवल्यावर गाडीची उंची : काय जुळवायचे आणि कशाला हात लावायचा नाही

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : लातुरात आपल्या हॅचबॅकला 35 मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवून घेतल्या, तेव्हापासून पुढची उजवी बाजू डावीपेक्षा सुमारे 12 मिमी उंच दिसते, स्टिअरिंग वळवताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि गॅरेजवाले त्या बाजूच्या स्प्रिंगचा अर्धा वेढा कापून उंची ‘सेट’ करून देतो म्हणत आहेत. तो वेढा कापू देऊ नका. बाकीचे सविस्तर लिहितो.

साध्या लोअरिंग स्प्रिंगमध्ये उंची कमी-जास्त करण्याची कोणतीही सोय नसते. स्प्रिंगची मोकळी लांबी, तिचा ताठरपणा आणि त्या कोपऱ्यावर येणारे वजन या तीन गोष्टी मिळून उंची ठरते. वेढा कापला की गाडी खाली येते हे खरे, पण त्याबरोबर स्प्रिंग ताठरही होते, कारण ताठरपणा हा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाच वेढे काम करत असतील आणि त्यातला अर्धा काढला, तर ती बाजू सुमारे 11 टक्के ताठर होईल आणि डावी मात्र आहे तशीच राहील. शिवाय खोबणीत बसण्यासाठी स्प्रिंगच्या टोकाला जो आकार दिलेला असतो तो निघून जातो आणि चाक पूर्ण लोंबकळल्यावर स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग दबवून खाली आणण्याचा प्रकार तर याहून वाईट आहे, कारण पोलादाला दिलेले टेम्परिंगच, म्हणजे उष्णता देऊन आणलेला चिवटपणाच, त्यात जातो आणि ती स्प्रिंग पुढे कधी मोडेल याचा भरवसा उरत नाही. तेव्हा 12 मिमीचे कारण स्प्रिंगच्या बाहेर शोधायचे आहे.

आधी माप नीट घ्या. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप फसवे असते, कारण त्यात टायरची हवा आणि झीज दोन्ही मिसळतात. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांना घ्या. फरशी सपाट दिसते म्हणून सपाट आहे असे समजू नका; गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल-नळी आणून चारही चाकांखालची पातळी एकदा तपासा. चारही टायरांत हवा ठरलेली असावी, डिकी रिकामी असावी आणि आत कोणी बसलेले नसावे. गाडी नुकतीच जॅकवरून उतरवली असेल तर टायर जमिनीला धरून राहतात आणि गाडी खरीपेक्षा उंच दिसते, म्हणून ती दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून, बॉनेटवर दोन-चार वेळा दाब देऊन मगच टेप लावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : बाजेच्या एका पायाखाली वीट सरकवली की समोरचा तिरका कोपराही हलतो, तसेच गाडीचे आहे, त्यामुळे उजवीकडे पुढे दिसणाऱ्या फरकाचे मूळ डावीकडे मागे असू शकते. मागच्या दोन मापांत मोठा फरक निघाला तर शोध तिथून सुरू करावा लागेल.

आपल्या वर्णनातला ‘टक्’ आवाज मला उंचीच्या फरकाइतकाच बोलका वाटतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर एकत्र असलेला पुढचा उभा खांब) स्प्रिंगचे खालचे टोक तिच्या थाळीतील खोबणीच्या कडेला टेकलेले असावे लागते. ते खोबणीवर चढून बसले तर तो कोपरा उंच राहतो आणि स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग सुटून उडी मारल्यासारखा आवाज येतो. चाक काढून टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंची टोके पाहा. वरचा रबरी पॅड फिरलेला आहे का, टॉप माउंटचे (स्ट्रटचे वरचे टोक गाडीला जोडणारा भाग) बेअरिंग उलटे किंवा तिरके बसले आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

टोके जागेवर असतील तर माझा संशय बुशांवर, म्हणजे सांध्यांतल्या रबरी जोडांवर, जातो. लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची दांडी) रबरी बुश बेअरिंगसारखे फिरत नाहीत. बोल्ट आवळला की आतली नळी तिथेच पकडली जाते आणि त्यापुढची सगळी हालचाल रबर पिळून होते. गाडी जॅकवर आणि चाक लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते, कोपऱ्याला वर ढकलत राहते आणि काही महिन्यांत फाटते. उजवीकडचा आर्म काढण्यासाठी बोल्ट सोडला आणि डावीकडचा सोडलाच नाही, एवढ्यानेही दोन बाजूंत फरक दिसू शकतो. खरे तर गाडी 35 मिमी खाली आली म्हणजे कंपनीत जुन्या उंचीवर आवळलेले बोल्टही आता चुकीच्या ठिकाणी पकडलेले आहेत, म्हणून दोन्ही बाजूंचे सोडून नव्या उंचीवर पुन्हा आवळणे हेच योग्य. मागे टॉर्शन बीम (मागची दोन चाके जोडणारा, पिळ घेणारा बीम) असेल तर त्याच्या दोन मुख्य बुशांनाही हाच नियम लागू आहे.

हे काम पिटवर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर, म्हणजे गाडीचे वजन चाकांवर असताना, सर्वांत सोपे जाते. तशी सोय नसेल तर गाडी स्टँडवर ठेवून, त्या चाकाचा लोअर आर्म दुसऱ्या जॅकने हळूहळू उचलून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर आपण ठरवलेल्या मापाइतके झाले की बोल्ट आवळावा. मात्र गाडी स्टँडवरून उचलली जाते आहे असे दिसताच थांबावे. आवळण्याचे आकडे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकेच आवळता येणारा पाना) वापरा. एकदा वापरून टाकून द्यायचे बोल्ट सांगितले असतील तर नवीन घ्या. ‘हाताचा अंदाज’ हा प्रकार सस्पेन्शनला चालत नाही.

सुरक्षिततेबद्दल कमी शब्दांत पण ठामपणे सांगतो. विटा, दगड किंवा लाकडी ठोकळा यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. दोन्ही बाजूंना स्टँड, जमिनीवरच्या चाकांना मागून-पुढून अडण आणि खाली शिरण्याआधी गाडीला एक धक्का देऊन पाहणे, इतके तरी हवेच. स्ट्रट उघडायचा असेल तर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावून हाताच्या पान्याने आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, इम्पॅक्ट गन लावू नये. स्प्रिंग दोन्ही थाळ्यांमधून मोकळी झाल्याचे हाताला जाणवेपर्यंत वरचा मधला नट सोडायचा नाही आणि स्ट्रटच्या रेषेत तोंड न्यायचे नाही. दाबलेल्या स्प्रिंगने हात निकामी होऊ शकतो.

डावी-उजवी बाजू जुळल्यावरही एक प्रश्न उरतो : आपल्या रस्त्यांना ही उंची पुरते का? गाडी 35 मिमी खाली आली म्हणजे बम्पस्टॉपपर्यंत (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ज्यावर आदळते तो रबरी ठोकळा) दबण्याची जागा तेवढीच कमी झाली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक 10 सेमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, आणि त्यावरून आपली गाडी आरामात जाईल. पण लातूर-उदगीर पट्ट्यातल्या गावांच्या वेशीवर जे गतिरोधक दिसतात, त्यांची त्या मानकाशी ओळख असल्याचे जाणवत नाही. त्याहून मोठी अडचण काळ्या मातीची आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. वेगात गाडी लाटेच्या तळाशी गेली की स्प्रिंग पूर्ण दबते आणि इंजिनखालचे ऑइल चेंबर घासण्याचा धोका तिथे असतो. शॉकॲब्जॉर्बरच्या दांड्याला एक केबल टाय सैलसर बांधा, चार माणसे आणि सामान घेऊन तुळजापूरपर्यंत जाऊन या, आणि टाय कुठवर सरकला ते पाहा. तो दर वेळी बम्पस्टॉपला जाऊन भिडत असेल तर 35 मिमी आपल्या वापराला जास्त आहे आणि गाडी कमी खाली आणणारी स्प्रिंग घेणेच बरे. बम्पस्टॉप कापून जागा करणे स्प्रिंगच्या निर्मात्याने लेखी सांगितले असेल तरच, आणि सांगितले असेल तेवढेच करावे.

एबीएस (ब्रेक लावल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, जो मागची बाजू दबली की गाडी भरलेली आहे असे समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. स्प्रिंगमुळे मागची बाजू कायमची खाली आली तर रिकाम्या गाडीतही मागची चाके आधी लॉक होतात, आणि ओल्या रस्त्यावर हे फार धोकादायक आहे. आपल्या गाडीत तो असेल तर त्याची दांडी मॅन्युअलप्रमाणे नव्याने जुळवा.

अलाइनमेंट शेवटी, म्हणजे बुश आवळल्यानंतर आणि स्प्रिंगा काहीशे किलोमीटर चालून बसल्यानंतर करा. टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) मात्र गाडी रस्त्यावर काढण्याआधी एकदा तपासून घ्या, कारण टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा, म्हणजे चाकाच्या उभ्या कलापेक्षा, टोचा वाटा मोठा असतो. हेडलाइटची उंचीही बदललेली असते, म्हणून केबिनमधली लेव्हलची चकती शून्यावर ठेवून प्रकाश नव्याने जुळवा.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. आरटीओ कार्यालयात विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आपल्याला उंची खरोखरच मनाप्रमाणे बदलती हवी असेल, तर त्यासाठी आटे फिरवून उंची बदलता येणारा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बरचा जोड) संच लागतो. आपल्याकडच्या चिखलात त्याचे आटे धरून बसतात, म्हणून पावसाळ्यानंतर ते घासून साफ करावे लागतील, हा जाच मान्य असेल तरच त्या वाटेला जा. तूर्त चारही चाकांची मापे आणि दोन्ही पुढच्या स्प्रिंगांच्या खालच्या टोकांचे फोटो टाका. बुश सोडायचे की स्ट्रट उघडायचा, हे त्यावरून ठरवता येईल.