जुन्या खटल्यावरून सोसायटीनं भाड्याचं घर अडवलं, तर?

प्रश्न: वकीलसाहेब, मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. २०१३ मध्ये शेताच्या बांधावरून चुलत्यांशी भांडण झालं, त्यात काठ्या-कोयते निघाले आणि माझ्यावर भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम ३२४ची, म्हणजे घातक हत्यारानं दुखापत केल्याची, केस झाली. २०१७ मध्ये खालच्या कोर्टानं एक वर्षाची शिक्षा दिली. २०१९ मध्ये अपिलात सत्र न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण शिक्षेऐवजी दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. ती मुदतही केव्हाच संपली. आता चाकणला कारखान्यात नोकरी करतो, बायको आणि सात वर्षांची मुलगी सोबत आहे. एका सोसायटीत फ्लॅट पसंत पडला, मालकांना वीस हजार टोकन दिलं. ॲग्रीमेंटच्या आधी सेक्रेटरींनी इंटरनेटवर माझं नाव टाकून खालच्या कोर्टाचा निकाल शोधला, तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि मालकांना कळवलं, ‘गुन्हेगाराला एनओसी मिळणार नाही.’ मालक आता फोन उचलत नाहीत. एजंट म्हणतो, दुसरीकडे बायकोच्या नावावर ॲग्रीमेंट करू, तुमचं नावच कुठे घालायचं नाही. तसं करावं का? आणि सोसायटीला असं अडवता येतं का?

उत्तर: एजंटचं ऐकू नका. बाकीचं सविस्तर बोलू, पण हे आधी सांगतो, कारण तुमच्या सगळ्या प्रकरणात खरोखर धोक्याची गोष्ट ही एकच आहे. जे झालं ते कोर्टात मिटलेलं आहे. एजंट सुचवतोय त्यातून मात्र नवं प्रकरण उभं राहू शकतं.

सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलेला निकाल अर्धवट आहे. अपिलाच्या निकालानंतर खालच्या कोर्टाच्या शिक्षेचा आदेश उरला नाही. सत्र न्यायालयानं तुम्हाला अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली बाँडवर सोडलेलं दिसतं. हे अधिकार अपिलातल्या कोर्टालाही असतात. याच कायद्याचं कलम १२ तुमच्या कामाचं आहे. अशा रीतीनं सोडलेल्या माणसाला, त्यानं बाँड पाळला असेल तर, दोषी ठरल्यामुळे कायद्यानं येणारी अपात्रता चिकटत नाही. दोष पुसला जातो असं मात्र नाही. त्यामुळे ‘माझ्यावर कधी केसच नव्हती’ असं म्हणू नका. ‘अपिलात कोर्टानं मला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं, मुदत पूर्ण झाली, आज माझ्यावर एकही खटला चालू नाही’ हे तुम्ही मान वर करून म्हणू शकता, कारण ते शब्दशः खरं आहे.

म्हणून पहिलं काम सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागातलं. अपिलाच्या निकालाची सहीशिक्क्याची प्रमाणित नक्कल काढा, बाँडच्या आदेशासकट. दोन प्रती घ्या. सोबत पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र मिळतंय का बघा, त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. हे कागद हातात येईपर्यंत नवं घर पाहायला गेलात तरी टोकन देऊ नका.

आता सोसायटी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठी सरकारनं जे आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम केले, त्यातला ४३ क्रमांकाचा उपविधी फ्लॅट भाड्यानं देण्याबद्दल आहे. २०१४च्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला लीव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. त्यानं आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. लोक सर्रास ज्याला एनओसी म्हणतात, ती त्यात नाहीच. बदल्यात संस्था बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. ही मर्यादा १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानं घातलेली आहे. पण एक लक्षात घ्या. आदर्श उपविधी आपोआप लागू होत नाहीत, संस्थेनं ते सर्वसाधारण सभेत स्वीकारून निबंधकांकडे नोंदवलेले असावे लागतात. अनेक जुन्या सोसायट्या अजून जुन्याच उपविधींवर चालतात आणि त्यांत पूर्वपरवानगीची अट असते. म्हणून मालकांना विचारा, आमच्या उपविधींत नेमकं काय लिहिलंय. परवानगीची अट नसेल, तर सेक्रेटरींचं ‘मिळणार नाही’ हे त्यांचं वैयक्तिक मत आहे, त्यामागे कायद्याचं बळ नाही. मालक सभासद म्हणून उपनिबंधकांकडे तक्रार करू शकतात. तुम्ही सभासद नाही, त्यामुळे हे पाऊल मालकांनीच उचलायला हवं.

आणि इथेच खरी अडचण आहे, ती तुमच्यापासून लपवणार नाही. मालकांनाच तुम्हाला घर द्यायचं नसेल, तर त्यांना भाग पाडणारा कायदा आपल्याकडे नाही. जुना खटला आहे म्हणून खासगी मालकानं भाडेकरू नाकारू नये, असं कोणताही कायदा म्हणत नाही. संविधानाचे समानतेचे अनुच्छेद प्रामुख्यानं सरकारला बांधतात. २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधीही वैध धरला. दुसरीकडे, याच न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ला घरं पाडण्याच्या प्रकरणात सांगितलं की, निवारा हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या कुटुंबाचं छप्पर हिरावून घेता येणार नाही. तो निकाल सरकारी बुलडोझरबद्दल होता, तुमच्या घरमालकांना तो लागू होत नाही. पण तुमची सात वर्षांची मुलगी या प्रकरणात कुठेच दोषी नाही, ही गोष्ट मालकांसमोर ठेवायला निकालाची गरज पण नाही. कायदा दार उघडून देत नसेल तिथे माणसाशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं कसं व केव्हा करायचं यावर तुमचं बरंच अवलंबून आहे.

न विचारता जुनी केस सांगायलाच हवी का? भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, बोलण्याचं कर्तव्यच असेल किंवा गप्प बसणं हेच बोलण्यासारखं असेल, तेवढ्या प्रसंगांखेरीज. म्हणजे घर पाहायला गेल्या गेल्या २०१३ची गोष्ट सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. पण विचारलं आणि खोटं सांगितलं, किंवा अर्जातल्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, तर कलम १९ खाली तो करार मालकांना रद्द करता येतो. तेव्हा तुम्ही सामान लावलेलं असेल, मुलीची शाळा बदललेली असेल. शिवाय हल्ली लपवून लपत नाही. २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावावरूनही खटला सापडतो. तुमच्या बाबतीत तेच झालं.

प्रश्नाचे शब्द नीट वाचा. ‘तुमच्यावर खटला चालू आहे का’ याचं तुमचं उत्तर ‘नाही’. ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ याचं उत्तर ‘हो’. ‘शिक्षा झाली आहे का’ असा रकाना असेल तर हो-नाहीत अडकू नका, अपिलाचा निकाल एका ओळीत लिहा आणि नक्कल जोडा. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: जे निर्दोष सुटले आहेत, त्यांनीही निकालाची नक्कल जवळ ठेवावी, कारण इंटरनेटवर एफआयआर सापडतो, सुटकेचा निकाल कुणी शोधत बसत नाही. आणि ज्यांची केस अठरा वर्षांखालच्या वयातली, बाल न्याय मंडळापुढची होती, त्यांना बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम २४चं, म्हणजे अपात्रता न चिकटण्याचं, संरक्षण आहे. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यात देऊ नये, असं त्याच कायद्याचं कलम ७४ सांगतं.)

माझा सल्ला विचाराल तर मी कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे जाईन. सांगा. स्वतःहून सांगा, टोकन देण्याच्या आधी सांगा, आणि एजंटमार्फत नको, मालकांना समोरासमोर सांगा. घर पसंत पडलं की दोन मिनिटं मागून घ्या. बांधाचं भांडण गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. काय झालं, कोर्टानं काय केलं, आज काय करता, एवढंच. मग नक्कल, कारखान्याचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि आधीच्या घरमालकांचं दोन ओळींचं पत्र पुढे ठेवा. या सगळ्यात शेवटचं पत्र सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ‘हे कुटुंब अमुक वर्षं माझ्याकडे राहिलं, भाडं वेळेवर आलं, तक्रार नव्हती’ हे एका घरमालकानं दुसऱ्या घरमालकाला सांगितलेलं असतं. काही जण तरी नाहीच म्हणतील, त्याची तयारी ठेवा. पण जे हो म्हणतील, त्यांना नंतर कुणी ग्रुपवर टाकलेल्या निकालानं धक्का बसणार नाही. स्वतंत्र बंगल्याचा मजला किंवा एका मालकाची वाडी मिळाली तर सोसायटीचा प्रश्नच येत नाही, तिकडेही बघा.

सांगितलंत, की ते करारात येऊ द्या. बहुतेक लोक हे विसरतात. करारात असं एक कलम घालून घ्या (लायसन्सी म्हणजे तुम्ही, लायसन्सर म्हणजे मालक): ‘लायसन्सीने आपल्यावरील जुन्या फौजदारी प्रकरणाची व त्याच्या अंतिम निकालाची माहिती लायसन्सरला दिली असून, केवळ त्या कारणावरून हा करार मुदतीपूर्वी संपुष्टात आणता येणार नाही.’ सोबत लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, दोन्ही बाजूंना बांधणारा ठेवा, फक्त तुम्हाला नव्हे. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी पुरे’ हे इथे चालत नाही. मुदत संपल्यावर मात्र घर सोडावंच लागेल, तिथे कायदा मालकाच्या बाजूनं आहे.

बायकोच्या नावावर करार करणं यात काहीच बेकायदेशीर नाही, हेही सांगून ठेवतो. तिचं उत्पन्न असेल, मालकांना तसं सोयीचं वाटत असेल तर जरूर करा. फक्त राहणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव हवं आणि पोलिसांच्या भाडेकरू माहितीच्या अर्जातही हवं. पोलीस आयुक्त भाडेकरूंची माहिती देण्याचे जे आदेश काढतात, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा होऊ शकतो. अर्जातून राहणारा माणूस गाळला तर मालक अडकतात, खोटी माहिती दिली तर तुम्ही किंवा बायको अडकता. पोलिसांना द्यायची ती माहिती आहे, परवानगीचा अर्ज नव्हे. चौकीवर बोलावलं तर नक्कल घेऊन जा आणि शांतपणे उत्तरं द्या. पण ‘इथे राहायचं नाही’ असं तोंडी सांगण्याचा अधिकार चौकीला नाही. त्यासाठी तडीपारीचा रीतसर आदेश लागतो, त्याआधी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. तुमच्यावर तसा आदेश नाही.

व्हॉट्सॲपवरच्या मजकुराबद्दल. फौजदारी बदनामीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेलं असावं लागतं. अपिलाचा निकाल वगळून खालचा निकाल फिरवणं हे पूर्ण सत्यही नाही. पण सेक्रेटरी म्हणतील, मी सभासदांच्या सुरक्षिततेसाठी टाकलं, आणि ते कोर्टात ऐकून घेतलं जाईल. म्हणून लगेच फिर्यादीकडे धावू नका. आधी संस्थेच्या नावे पत्र द्या, नक्कल जोडा, तो मजकूर काढून त्याच ग्रुपवर अपिलाचा निकाल टाकायला सांगा. पत्राची पोच घ्या आणि ग्रुपमधल्या कुणाकडून तरी मूळ मेसेजचा तारखेसह स्क्रीनशॉट मिळवून ठेवा. दिवाणी भरपाईच्या दाव्याची मुदत एकच वर्ष आहे, तेवढी तारीख ध्यानात असू द्या.

टोकन परत मिळायला हवं. व्यवहारातून मागे मालक सरले आहेत, तुम्ही नाही. त्यांनी केस विचारली होती आणि तुम्ही खोटं सांगितलं होतं, असं तुमच्या पत्रात कुठे नाही. पैसे यूपीआयनं दिले असतील तर ती नोंद आणि बोलणं झालेले मेसेज जपून ठेवा. आधी साधा लेखी निरोप पाठवा: अमुक तारखेला दिलेले वीस हजार पंधरा दिवसांत परत करावेत. नाही आले तर वकिलाची नोटीस. त्या खर्चाची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१०० आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. टोकन पत्नीच्या खात्यातून गेलं असेल तर अर्ज तिच्याच नावानं करा.