जीपचं इंजिन बदलण्याआधी

मित्रा, महिंद्रा एमएम ५४० चं प्यूजो इंजिन काढून डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन बसवतोयस, चांगलंच आहे. पण इंजिन चेसिसवर ठेवणं सोपं. जीव खातं ते जुळवणीचं काम. माझी गाडी ३ महिने स्टँडवर उभी होती, कारण लेथवाल्यानं नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट किंचित तिरकी कापली होती. गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाच्या मागच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये जाईना, म्हणून आम्ही बोल्ट आवळून ओढायला गेलो आणि बेल हाउसिंगला, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाला, केसभर तडा गेला. तू हे अजिबात करू नकोस. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं हातानं मिळाली पाहिजेत, मगच पाना उचल.

इंजिनाखालचं ऑइल चेंबर आणि पुढचा अ‍ॅक्सल यांतलं अंतर कमानपाटे (लीफ स्प्रिंग) पूर्ण दबलेत असं धरून मोज. आणि आरटीओची परवानगी आधी, इंजिनाची खरेदी नंतर.