संगणक-शंका : ‘सीसी’ काढून ‘जीसीसी’ बसवू का?

प्रश्न : आमच्या खाजनात (बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत) मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) भरती केव्हा आणि किती चढेल, ते काढणारा फोर्ट्रान ७७ या संगणक-भाषेतला जुना प्रोग्राम मिळालाय. लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही कार्यप्रणाली टाकली, पण ‘जीसीसी’ हा कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) सापडत नाही. ‘सीसी’ आहे, त्याला फोर्ट्रान कळत नाही. ‘सीसी’ काढून तिथे जीसीसी ठेवू का?
— एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : नको गं, ‘सीसी’ला अजिबात हात लावू नकोस. तो क्लँग आहे. २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून फ्रीबीएसडीचा मूळ कंपायलर. मी एकदा प्रयोगशाळेतल्या मशीनवर ‘सीसी’चा दुवा जीसीसीकडे वळवला होता. सीचे प्रोग्राम बिनतक्रार चालले. सी++ ची पाळी आली आणि ‘अनडिफाइंड रेफरन्स’ने पडदा भरला. दोघांच्या सी++ लायब्ररी (तयार कोडचे संच) वेगळ्या, एकीतली नावं दुसरीत सापडत नाहीत. मुलांची अख्खी दुपार गेली, ते अजून मला लागतं.

जीसीसी शेजारी बसव. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘पीकेजी इन्स्टॉल जीसीसी’ दे. जीफोर्ट्रान, म्हणजे फोर्ट्रानचा कंपायलर, त्यातच येतो. आज्ञा घेणारं शेल टीसीशेल असेल तर लगेच ‘रीहॅश’ कर, नाहीतर बसवलेलाही सापडणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. प्रोग्राम कंपाइल होईल, पण चालवताना ‘लिबजीसीसी-एस’ या जीसीसीच्या लायब्ररीची हवी ती आवृत्ती नाही, अशी तक्रार येऊ शकते. त्या नावाची लायब्ररी सिस्टमकडेही आहे आणि आधी तीच उचलली जाते. म्हणून लिंक करतानाच (प्रोग्रामला लायब्ररी जोडताना) ती कुठे शोधायची ते सांगणारं ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ=/यूएसआर/लोकल/लिब/जीसीसी१४’ जोड; १४ च्या जागी तुझ्याकडच्या जीसीसीच्या आवृत्तीचा आकडा घाल.

जुन्या फोर्ट्रानमध्ये सबरूटीनमधली (प्रोग्रामच्या उपभागातली) किंमत पुढच्या हाकेपर्यंत टिकते, असं पुष्कळांनी गृहीत धरलेलं असे. त्यासाठी ‘-एफनो-ऑटोमॅटिक’ दे. नाहीतर आकडे येतील, पण चुकीचे, आणि मानशीच्या कामात ते फार वाईट.

म्हणून उत्तर ताडून बघच. लागोपाठच्या दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं हवीत. शिवाय कोकणातला तोंडी हिशेब आहेच : तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती. तासाभराचा फरक चालेल, खाडीत आत पाणी उशिराच पोचतं. पण प्रोग्रामने पावणेसहा दाखवले, तर कंपायलरला दोष देऊ नकोस. त्यातली वेळ ग्रिनिचची आहे, साडेपाच तास मिळव.