अलर्टला नंबर टाकताना स्वतःचाच टाक

अगं, बडोद्यात नवीन आलीयेस ना, मग मेसची भाजी वगैरे नंतर बघ, आधी पूर वगैरे आला की कॉलेजकडून मोबाइलवर येणाऱ्या अलर्टसाठी नंबर नोंदवायचं उरकून टाक. मी फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशन फॉर्मवर बाबांचा नंबर दिलेला, तोच सिस्टीममध्ये राहिला, आणि पावसात रात्री दोनला 'तळमजला रिकामा करा' हा मेसेज गेला थेट इंदूरला, बाबा घाबरून फोनवर फोन करतायत आणि मी सायलेंटवर ठेवून ढाराढूर, शेवटी रूममेटने हलवलं तेव्हा खाली चपला तरंगत होत्या!

तर कॉलेजच्या पोर्टलवर लॉगिन करून स्वतःचा चालू नंबर टाक, ओटीपी पूर्ण कर, घरच्यांचा दुसरा म्हणून ठेव. सिम बदललंस की लगेच अपडेट. सरकारचं आपत्तीचे इशारे देणारं 'सचेत' अ‍ॅप पण घे, त्यात मराठीही आहे, लोकेशन ऑन ठेवायचं. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहे का बघ, तो टॉवरवरून येतो, त्याला नाव नोंदवायला लागत नाही. अलर्टची लिंक म्हणून कोणी पैसे किंवा पिन मागितला तर सरळ डिलीट.

आणि हे उगाच नाही सांगत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, मगरी रस्त्यावर आल्या, त्यामुळे पाणी चढल्याचा मेसेज आला की रील काढायला पुलावर जायचं नाही. ११२ आणि अँब्युलन्सचा १०८ सेव्ह कर, पॉवरबँक भरलेली ठेव, पुरात लाइट जातेच.