वेर्ण्याला जॉईन होतोयस ना, मग हे वाच

बाबू,

काल तुझ्या बाबांचा फोन आला, म्हणाले पोरगा सोमवारपासून वेर्ण्याला फार्मा कंपनीत लागतोय, प्रॉडक्शनला ट्रेनी म्हणून, त्याला जरा चार गोष्टी सांग. फोनवर सांगितलं तर तू हो काका हो काका करून विसरशील म्हणून लिहूनच पाठवतोय.

घरात सरकारी नोकरीचा विषय अजून चालूच असेल, आपल्या गोव्यात तो सुटत नाही. परीक्षा द्यायच्या तर दे, पण कंपनीत टाइमपास करायला आल्यासारखा उभा राहू नकोस, ऑपरेटर लोकांना ते दोन दिवसांत कळतं आणि मग ते तुला काहीच शिकवत नाहीत. आणि खरं शिकवणारे तेच असतात बरं का. मी डिप्लोमा करून गेलो होतो, पावडर दाबून गोळ्या करणाऱ्या कॉम्प्रेशन मशीनचं ड्रॉइंग पाठ होतं, पण मशीनचा आवाज बदलला म्हणजे पंचला, गोळी दाबणाऱ्या दांड्याला, पावडर चिकटायला लागली हे मला होंडा गावच्या एका आयटीआयवाल्या दादाने कान लावून ऐकवलं.

आता मुख्य गोष्ट. फार्मात तू गोळ्या बनवतोस तितकेच कागद बनवतोस. प्रत्येक बॅचचं रेकॉर्ड असतं, बीएमआर म्हणतात, त्यात काय केलं, किती वाजता केलं, कोणी केलं, सगळं लिहायचं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. पहिले काही दिवस तुला हा सगळा छळ वाटेल, मलाही वाटायचा, तो छळ नाही हे मला कसं कळलं ते सांगतो.

नाइट शिफ्ट होती, पावसाळ्याचे दिवस. दर अर्ध्या तासाने मशीनवरून २० गोळ्या घ्यायच्या, एकेक वजन करायची आणि लिहायची असं आमच्याकडे होतं. गोळी २५० मिलिग्रॅम किंवा त्याच्या वरची असेल तर सरासरीच्या ५ टक्के इकडेतिकडे चालतं, २० मधल्या फार तर दोन त्याबाहेर गेलेल्या चालतात आणि १० टक्क्यांबाहेर एकही चालत नाही. त्या रात्री साडेतीनचं वजन मी केलंच नाही, डोळा लागला होता. चार वाजता उठलो आणि तीनचे आकडे थोडे पुढेमागे करून साडेतीनच्या रकान्यात भरले. मग चारचं वजन खरंच केलं तर गोळ्या हलक्या. मशीन थांबवलं, क्यूएवाला, म्हणजे क्वालिटी बघणारा, आला, रेकॉर्ड बघितलं आणि म्हणाला साडेतीनपर्यंत ओके आहे ना, मग तिथपासूनचाच माल बाजूला काढा. मी गप्प. ऑपरेटर दादाने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, साडेतीनचं वजन तू केलंयस ना रे? तेव्हा तोंड उघडलं. तीनपासूनचे सगळे ड्रम बाजूला लागले, मला वॉर्निंग लेटर मिळालं, आणि घरी येताना बसमध्ये एकच विचार डोक्यात, मी बोललो नसतो तर त्या अर्ध्या तासातल्या गोळ्या कोणाच्या तरी आईच्या ब्लडप्रेशरसाठी गेल्या असत्या, औषध कमी असलेल्या. त्याला २० वर्षं होऊन गेली तरी तो रकाना डोळ्यांसमोर आहे.

म्हणून सांगतो, रीडिंग चुकलं तर चुकलं म्हणून लिही. आकडा चुकीचा पडला तर त्यावर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, नंतर भरू म्हणून हाताच्या तळव्यावर लिहिणं नाही. एखादा सिनियर म्हणेल अरे टाक ना सही, सगळे टाकतात. टाकू नकोस. वाईट दिसेल, दोन दिवस तो बोलणार नाही, चालेल.

पगाराचं थोडक्यात. स्लिप दर महिन्याला नीट वाच, पीएफ कापला तर तो खात्यात जमा होतोय का ते यूएएनवर, म्हणजे तुझ्या पीएफच्या नंबरवर, बघ, पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतं, त्याचं कार्ड करून घे. ओव्हरटाइम वर्करला दुप्पट दराने मिळायला हवा, आणि तुझ्या लाइनवर कॉन्ट्रॅक्टचे लोक असतील त्यांना हे कोणी सांगत नाही, तू सांग. तेच काम, तोच गाऊन, तीच रात्र, आणि हातात पडतात कमी पैसे, हे मला कधीच पटलं नाही. त्यांना नावाने हाक मार, निदान तेवढं तरी तुझ्या हातात आहे.

डिचोलीहून वेर्णा म्हणजे पहिल्या शिफ्टला पहाटे अंधारात निघावं लागेल. नवीन जुवारी पूल झाल्यापासून बरं आहे, आमच्या वेळी कुठ्ठाळीला गाड्या अडकायच्या आणि रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही तर चालू मशीन सोडून जाता यायचं नाही, आठ तास उभा राहिलेला माणूस अजून तासभर उभा. तू उशीर केलास की तुझ्या आधीचा माणूस असाच अडकतो एवढं लक्षात ठेव, बाकी पंचिंगचं वगैरे एचआर बघेल.

आणि चवथ, आपली गणेशचतुर्थी. पहिल्या वर्षी तुला सुट्टी मिळेलच असं नाही, जुने लोक आधी नावं देतात आणि प्लांट पूर्ण बंद ठेवत नाहीत. आईला आत्ताच सांगून ठेव, आदल्या दिवशी कळलं तर ती रडेल. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी तू बांधतोस ना घरी, ती आदल्या रात्रीच बांधून टाक, आणि शिफ्ट करून आलास की आंघोळ करून आरतीला उभा राहा, आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा असतो, इकडेही ये.

काका