पोरगं ताट वेगळं का ठेवतंय?

"मॅडम, तेरा वर्साचं पोरगं हाय. दोन महिनं झालं, ताट-तांब्या येगळा ठेवतंय. बहिणीला जवळ येऊ देत न्हाई. तालमीत जायाचं बंद केलंय. माझं त्याला कळलं असंल का? माझी किळस येत असंल का ओ?"

कोल्हापूरजवळच्या हुपरीकडच्या एका गावातली, एचआयव्हीसह जगणारी ही आई समुपदेशकाशी बोलत होती. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. मुलांना 'टीबीनं गेले' एवढंच सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, कारण एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण टीबीच आहे. ती स्वतः कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रातून गोळ्या घेते आणि घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडते. मुलगा आठवीत, मुलगी दुसरीत. मुलांना सांगायचं का, सांगितलं तर ती खचतील का, त्यांच्या पुढच्या आयुष्याचं काय, हा घोर एचआयव्हीसह जगणाऱ्या बहुतेक आई-वडिलांना असतो. बोलायला सुरुवात मात्र अशीच ताटा-तांब्यावरून होते.

मुलाशी वेगळं बोलायचं तर आईची परवानगी लागते आणि एक पथ्य पाळावं लागतं: आईला एचआयव्ही आहे हे समुपदेशकानं मुलाला सांगायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही, पोटच्या मुलापुढेही नाही. म्हणून प्रश्न आजाराबद्दल विचारला नाही. "घरात सध्या कशाची काळजी वाटते?" एवढंच विचारलं. थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करून झालं आणि मग तो बोलला. कपाटातल्या डबीवरचं नाव त्यानं मोबाईलवर शोधलं होतं. वडील गेल्यावर आपलं आणि बहिणीचं रक्त काढलं होतं, हे त्याला आठवत होतं. त्याचा निकाल कुणी सांगितला नव्हता. त्यावरून त्यानं ठरवून टाकलं की आपल्यालाही आहे आणि घरच्यांनी ते लपवलंय. ताट वेगळं केलं ते बहिणीला लागू नये म्हणून. तालीम सोडली, कारण मातीत नख लागून रक्त आलं तर जोडीदाराला होईल.

आई ज्याला किळस समजत होती ती पोराची राखण होती. अशा वेळी समुपदेशकानं "हो" किंवा "नाही" न म्हणता "हे आईबरोबर बसून बोलूया का?" असं विचारावं. तो हो म्हणाला.

दोन्ही मुलांचे रिपोर्ट चार वर्षांपूर्वीच निगेटिव्ह आले होते. धाकटीचं अंगावरचं दूध सुटून तेव्हा वर्ष उलटलं होतं, त्यामुळे तिचाही निकाल पक्का होता. आईनं मुलांना त्या वेळी "रक्त कमी हाय का बघत्यात" असं सांगितलं होतं. घोटाळा इथेच झाला. तपासणीचं कारण लपवलं की चांगला निकालही सांगता येत नाही.

पुढची भेट फक्त आईबरोबर, सांगायचं कसं याची तालीम म्हणून. सांगणं आईच्याच तोंडून व्हायला हवं. समुपदेशक फार तर शेजारी बसतो. वेळ शनिवारची, शाळा सकाळी सुटल्यावरची ठरवली. परीक्षेच्या तोंडावर किंवा रात्री निजायच्या आधी हे सांगू नये. रात्रभर प्रश्न पडतात आणि विचारायला कुणी नसतं. आधी "तुला काय ठाऊक हाय?" असं विचारायचं आणि मग मोजकं सांगायचं: माझ्या रक्तात एचआयव्ही आहे, रोज एक गोळी घेते, त्यानं तो दबून आहे, तुम्हा दोघांना तो नाही, हे बघ कागद, एका ताटात जेवून, मिठी मारून, एकत्र झोपून तो लागत नाही. ही वाक्यं आईनं मोठ्यानं म्हणून बघितली. पहिल्यांदा दुसऱ्याच वाक्यावर रडू आलं. ते इथे आलेलं बरं. मुलासमोर आलं तरी बिघडत नाही, फक्त त्यानंतर तिला पुढचं वाक्य म्हणता आलं पाहिजे.

रिपोर्टचा कागद हातात देणं महत्त्वाचं. नाव, तारीख, 'निगेटिव्ह' हे मुलानं स्वतः वाचावं. कागद हरवला असेल तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, पालकांच्या संमतीनं पुन्हा मोफत तपासणी होते. कागद असताना निव्वळ समाधानासाठी पुन्हा सुई टोचणं मात्र टाळलेलं बरं. त्यातून पोराला शंका अजून आहे असंच वाटतं.

"तू मरणार काय?" हा प्रश्न येतोच. "छे, काहीतरीच काय!" हे उत्तर पोरं मानत नाहीत, कारण वडिलांच्या वेळीही त्यांनी तेच ऐकलेलं असतं. इथे आईनं व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट दाखवला. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. तिच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही उरला नव्हता. "गोळी चुकली न्हाई तर म्हातारी हुईपर्यंत हाय मी," ती म्हणाली. तेव्हा मुलानं विचारलं, मग बाबांना का नाही झालं असं? त्याचंही खरं उत्तर होतं: त्यांना उशिरा कळलं, टीबी तोवर फार पसरला होता.

मग मुलगा म्हणाला, रोज गोळीची आठवण मी करणार. ऐकायला छान वाटतं, पण ते त्याच्यावर सोपवलं नाही. तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आईचा जीव ठेवायचा नसतो. एक दिवस तो विसरतो आणि आयुष्यभर स्वतःला दोष देत बसतो. आईच्या मोबाईलला गजर लावला. जुन्या कॅल्शियमच्या डबीत लपवलेल्या गोळ्याही कपाटातल्या मूळ डबीत परत गेल्या, कारण दमट हवेनं गोळी खराब होते.

"कुणाला सांगू नकोस" एवढ्यावर सोडलं की मूल एकटं पडतं. म्हणून कुणाशी बोलायचं हेही ठरवलं: मामा आणि समुपदेशक. बाहेर कुणी खोदून विचारलंच तर "बाबांना टीबी होता" पुरे. शाळेला सांगण्याची कायद्यानंही गरज नाही.

आता पुढच्या आयुष्याचं. चार्ल्स स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आशेचे दोन भाग मांडले: मला वाट सापडते, आणि त्या वाटेनं चालायचं बळ माझ्यात आहे. आठ ते सोळा वयाच्या मुलांसाठी त्यांची सहा वाक्यांची प्रश्नावली १९९७ ची आहे. गुण काढण्यापेक्षा मूल कोणत्या वाक्यावर अडतं ते पाहणं जास्त उपयोगाचं. हा वाटेवर अडला. मोठं होऊन काय व्हायचं ते ठरलेलं होतं, आयटीआयला फिटर आणि मग शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरी. पण "तोवर आई नसली तर बहिणीला कोण बघणार?" इथे त्याचं गाडं थांबायचं. "शिकलास की सगळं नीट होईल" हे वाक्य अशा वेळी फुकट जातं.

म्हणून लांब कागदाची पट्टी घेतली आणि दर वर्षाला एक घर आखलं. वर मुलाची इयत्ता, खाली बहिणीची, त्याखाली आईचं वय. त्याच्या दहावीला आई छत्तीसची. त्याचा आयटीआय संपेल तेव्हा अडतीस, बहीण तेव्हा सहावीत. अडतीस हे म्हातारपण नव्हे हे त्यानं स्वतःच हसून सांगितलं. पट्टीवर पैशांचंही घर हवं. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समितीची. वडिलांचा मृत्यूचा दाखला असला की एक पालक असलेलं मूल म्हणून अर्ज करता येतो, एचआयव्हीचा कागद जोडावा लागत नाही. हे बऱ्याच आयांना ठाऊक नसतं आणि भीतीपोटी त्या अर्जच करत नाहीत. सोबत उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक लागतं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतातच असं नाही, म्हणून क्लासची फी त्यावर बेतू नये.

बहिणीला कोण बघणार, याला उत्तर मामा. पण "मामा हाय की" एवढं मुलाला पुरलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आईनं मामाला विचारलं, त्यानं मुलासमोर हो म्हटलं. आपल्यामागे पालक कोण असावा हे आई लिहून ठेवू शकते. एचआयव्ही-एड्स कायद्यातच तशी तरतूद आहे. आफ्रिकेत अशा कुटुंबांतून आठवणींची पेटी करतात. पण रोज गोळी घेऊन ठणठणीत असलेल्या आईच्या घरी ती पहिल्यांदा काढू नये. पोराला निरोपाची तयारी वाटते.

मुलगा तालमीत परत गेला तो पुढच्या महिन्यात. ताट त्याआधीच एक झालं. गणितात अजून मागेच आहे, आणि त्याचा एचआयव्हीशी काही संबंध नाही हेही आईला सांगावं लागलं. झोप दोन आठवडे उडाली, जेवण सुटलं किंवा मूल मरणाच्या गोष्टी करू लागलं, तर मात्र थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. नवऱ्याच्या वाट्याची जमीन दीर देत नाही, ते प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

धाकटीचं बाकी आहे. शाळकरी म्हणजे सहा ते बारा वयाच्या मुलांना आई-वडिलांच्या एचआयव्हीबद्दल सांगावं, त्याहून लहानांना समज वाढेल तसं टप्प्याटप्प्यानं सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मार्गदर्शन आहे. सध्या तिला एवढंच माहीत आहे की आईच्या रक्तात एक जंतू आहे, गोळीनं तो गप्प बसतो, आणि तो तिला लागत नाही. नाव तिनं विचारलेलं नाही. विचारलं तर खोटं नाव सांगायचं नाही, एवढं आई आणि भावाचं ठरलं आहे.